हिरवा चोथा

आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, शेजारच्या हिरामावशीनं विष घातलं नव्हतं. तो माझ्यामुळे मेला, आणि हे मला तो मेला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आमच्या पुढच्या खोलीत, पापड लाटायला बसलेल्या बायांसमोर मला ते सांगता आलं असतं. नुसतं सांगता आलं असतं असंही नाही, मला तसं विचारलंच होतं. मी खोटं बोललो. एक वाक्य बोललो, आणि ते असं चपखल बसलं की त्यानंतर कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. आज माझी पन्नाशी जवळ आली आहे. तरुणपणी मी आणखीही चुका केल्या, पण त्यांचं जे व्हायचं ते माझ्यापुरतं झालं. या चुकीचं तसं झालं नाही. ते वाक्य कळायला आमचं घर, आईचे पापड आणि मागच्या पडवीत मी घरच्यांना फसवून करत होतो ती बिअर, हे सगळं आधी सांगावं लागेल.

पेणमध्ये आमची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना गणपतीचे कारखाने आणि मधे मधे राहती घरं. बाबा त्यातल्याच एका कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळा गणपती रंगवून झाला की तो शेवटी बाबांच्या पाटासमोर यायचा. बाबा बोलायचे कमी. घरी आल्यावरही त्यांच्या बोटांना रंगाचा आणि रॉकेलचा वास असायचा, आणि मागून भुऱ्या यायचा. भुऱ्या मातकट रंगाचा, एक कान दुमडलेला, कुठल्याही जातीचा नसलेला कुत्रा. बाबांबरोबर सकाळी कारखान्यात जायचा, त्यांच्या फळीखाली पडून राहायचा, जेवायला त्यांच्याबरोबर घरी यायचा. बाबा माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलत त्याहून जास्त त्याच्याशी बोलत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तसंच होतं, आणि आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आईचे पोह्यांचे पापड होते. दुपारची जेवणं आटोपली की गल्लीतल्या पाच-सहा बाया यायच्या. पाट आमचे, पण लाटणं जिचं तिचं. प्रत्येक बाई आपलं लाटणं पदरात गुंडाळून आणायची आणि जाताना घेऊन जायची, कारण दुसऱ्याच्या लाटण्यावर हात बसत नाही म्हणत. त्याआधी पीठ कुटायचं. पोह्यांचं पीठ, पापडखार, हिंग, मिरची, आणि तेलाच्या हातानं ते सगळं कुटत राहायचं, गोळा मेणासारखा होईपर्यंत. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाकीच्या बाया कुटायच्या तेव्हा नुसता धपधप आवाज यायचा. हिरामावशी कुटायची तेव्हा एक घाव पडला की पाठोपाठ एक हलका घाव पडायचा, दार वाजवल्यासारखा. मी शाळेतून यायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कळायचं, आज कुटायला मावशी आहे.

ती मूळची खाडीकडची. तिचा नवरा मिठागरावर होता. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याचे पाय असे गेले की पुढे त्याला धड चालता येईना, म्हणून ती दोघं पेणात आली. आमच्यापासून तिसऱ्या दारात एका खोलीत राहायची. घर चालायचं ते मावशीच्या दोन हातांवर. तिच्या कोंबड्या होत्या, त्या दिवसभर गल्लीत फिरायच्या. आणि भुऱ्याला बाकी सगळं कळत होतं, कोंबडी हा आपला घास नाही एवढं कळत नव्हतं. त्यानं तिची एक कोंबडी धरली, काही दिवसांनी दुसरी. दुसऱ्या वेळी मावशी नळावर सगळ्यांदेखत ओरडली होती, “सुमन, तुझ्या त्या कुत्र्याला सांभाळ गो. नायतर एक दिवस औषधच घालते त्याला.” बाया हसल्या होत्या. आईसुद्धा हसली होती. संध्याकाळी आईनं तिला डाळ-तांदूळ नेऊन दिले, मावशीनं त्याच भांड्यातून सुकटीची चटणी पाठवली, आणि ते भांडण तिथं मिटलं. निदान तेव्हा मिटलं असं वाटलं.

आता बिअरचं. मी तेव्हा रोह्याजवळ धाटावला एका रासायनिक कारखान्यात नवा लागलो होतो. कंपनीची बस पेणहून न्यायची, गडब, नागोठणे करत खिंड उतरून रोह्यात. माझा मामेभाऊ सुधीरदादा जहाजावर होता. परदेशात लोक घरी बिअर करतात हे त्यानंच मला सांगितलं, आणि एका सुट्टीत येताना यीस्टच्या पुड्या आणि हॉप्सची पाकिटं घेऊन आला. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्या बाजूला ती वेल होत नाही. फुलं वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात, दिसायला पेंडीच्या गोळ्यांसारख्या. बिअरचा कडूपणा आणि वास येतो तो त्यांचा. मला या गोष्टीनं झपाटलं. खरं सांगायचं तर पिण्याचं मला तेवढं नव्हतं. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टी दुसऱ्यांनी ठरवलेल्या तापमानाला मिसळत होतो. इथं ठरवणारा मी होतो.

पण आमच्या घरात दारू हा शब्दही चालत नसे. बाबांचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता. बाबांनी त्याला गटारातून उचलून आणलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा, आणि शेवटी एकदा ससूनमधून उचलून आणलं. त्यानंतर बाबा म्हणाले होते, “या घरात बाटली आली की मी बाहेर.” ते कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच ते खरं होतं. तेव्हा मी घरी सांगितलं की कंपनीतले साहेब एक पौष्टिक पेय करायला सांगताहेत, जवाचं सत्त्व, त्याचा प्रयोग चाललाय. आईनं मानलं. की मानल्यासारखं दाखवलं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

जव भिजवून मोड आणायला मी आईकडूनच शिकलो. ती वाल भिजवून, फडक्यात बांधून बिरड्याचे मोड काढायची, तसंच. मोड आलेले जव गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळवायचे, थोडे लोखंडी कढईत काळे होईपर्यंत भाजायचे, जाडसर भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गोड पाणी गाळून घ्यायचं. खाली उरला तो चोथा हिरामावशी टोपलीनं न्यायची. कोंबड्या त्यावर तुटून पडायच्या. “तुझ्या सत्त्वानं माझ्या कोंबड्या बघ कशा माजल्यात,” ती म्हणायची. “माणसांना कधी देतोस?”

मला काळी बिअर करायची होती, पण हॉप्सचा वास भरभरून असलेली. सुधीरदादानं तीन जातींचे हॉप्स आणले होते. चिनूक उघडलं की नुकता रंधा मारलेल्या लाकडाचा, राळेचा वास. कॅस्केडला पपनसाचं साल नखानं खरवडल्यासारखा. फगलला आधी काहीच वास नाही वाटला, मग भाताच्या उडवीत खोल हात घातल्यावर येतो तसा ओलसर, मातकट. मी आधी एकेक जात वेगळी घालून पाहिली. नुसत्या चिनूकचा कडूपणा आणि भाजलेल्या जवाचा करपट कडूपणा एकमेकांच्या उरावर बसले, घोट घशाखाली जाईना. नुसतं कॅस्केड घातलं तेव्हा वर फळ आणि खाली कॉफी, मधे काहीच नाही. नुसत्या फगलची बिअर पावसात भिजलेल्या गोणपाटासारखी लागली. मग माझ्या लक्षात आलं की फगल हा एकट्यानं उभा राहणारा नाही, तो बाकीच्या दोघांना धरून ठेवणारा आहे. त्याचा मातकटपणा भाजलेल्या जवाशी जुळतो, आणि मग त्याच्यावर चिनूक आणि कॅस्केड उभे राहू शकतात. आई पिठाची चिमूट जिभेवर ठेवून म्हणायची, “हिंग कळता कामा नये, पण नसला तर कळला पाहिजे.” ते मी कितीदा ऐकलं होतं, समजलं तेव्हा. थोडं चिनूक आधी उकळायचं, नुसत्या कडूपणासाठी. फगल मध्यावर. आणि शेवटी, जाळ बंद करताना, तिन्ही मिळून ओंजळी ओंजळीनं.

त्या ओंजळींपाशीच सगळं आहे. आधीच्या वेळी हॉप्स थोडे होते, ते मी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून उकळायचो आणि नंतर पुरचुंडी माडाखाली पुरायचो. या वेळी एवढे हॉप्स पुरचुंडीत मावेनात, आणि मावले असते तरी त्यांचा वास मोकळा सुटला नसता. मी ते तसेच सुटे टाकले. आणि सुधीरदादानं मला फोनवर बजावलं होतं. माल दिला त्याच महिन्यात, कुठल्याशा बंदरातून, आवाज तुटत होता तरी हे नीट ऐकू आलं होतं: “घरात कुत्रा आहे ना तुमच्या? हॉप्स त्याच्या तोंडी लागू देऊ नको. मरतं कुत्रं त्यानं.” मी म्हणालो होतो, “कुत्रा कशाला खातोय कडू पाला?” आणि दोघंही हसलो होतो.

माझी साप्ताहिक सुट्टी होती. पुढच्या खोलीत पीठ कुटणं चाललेलं, मागे पडवीत माझा टोप उकळत होता. पडवीत काळ्या गुळासारखा आणि त्याच्या आत लाकडाचा, पपनसाचा असा वास भरला होता की मला वाटलं, जमलं. टोप उतरवून, फडक्यातून गाळून, गार पाण्याच्या घंगाळात ठेवला. फडक्यावर उरला तो हिरवट-काळा लगदा, अर्धी बादली भरेल एवढा. तेवढ्यात मावशी टोपली घेऊन मागच्या दारी आली. जवाचा चोथा तिनं भरून घेतला, मग बादलीत वाकून पाहिलं. बोटावर जरासं घेऊन जिभेला लावलं आणि थुंकली.

“शी. ह्यो कसला रे चोथा? वरनं गोड, आतनं नुसता कडू.”

“तो कोंबड्यांना नको घालूस.”

“घालते कशाला. त्या काय येड्या हायत?”

ती गेली. मी बादली केळीखाली, न्हाणीचं पाणी मुरतं तिथं पालथी केली. वर माती ओढायची होती. पण टोप निवत आला होता आणि यीस्ट घालायची वेळ टळू द्यायची नव्हती, म्हणून म्हटलं, मग ओढू. फावडं तिथंच भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ते अजून दिसतं मला, भिंतीला टेकलेलं.

बाबा त्या दिवशी उशिरा जेवायला आले, भुऱ्या मागच्या दारानं परसात गेला. बाबा जेवून निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली, तो आला नाही. गेला असेल कुठे, म्हणून ते एकटेच गेले. नंतर मी परसात आलो तेव्हा तो न्हाणीच्या ओल्या दगडावर पोट टेकून पडला होता आणि धापा टाकत होता. जीभ पूर्ण बाहेर. थंडीचे दिवस होते, पण त्याच्या अंगाला हात लावला तर चटका बसेल असं अंग तापलेलं. छाती हाताखाली इतकी भराभर उडत होती की ठोके वेगळे कळत नव्हते. केळीखाली पाहिलं. लगदा चाटूनपुसून अर्धा झाला होता. वरच्या गोडासाठी त्यानं तो खाल्ला होता.

मी काय केलं? मी आधी फावडं घेतलं आणि उरलेला लगदा मातीखाली घातला. त्यानंतर बाबांना बोलवायला धावलो. हा क्रम मी वर्षानुवर्षं मनात उलटा करून पाहिला आहे, पण तो असाच होता.

जनावरांचा डॉक्टर गावाला गेला होता. बाबा भुऱ्याजवळ बसून ओंजळीनं त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिले. तो ओकला. पडून उठायचा, दोन पावलं टाकायचा, पुन्हा पडायचा. संध्याकाळच्या दिव्याआधी त्याचे पाय ताठ झाले. बाबा हात धुवायला उठले आणि म्हणाले, “घातलं कुणीतरी.” एवढंच. कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. नाव घेतलं शेजारच्या शेवंताकाकूनं, आणि तेही दुष्टपणानं नाही, नळावर ऐकलेलं तिच्या डोक्यात होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नेहमीसारखी आली. कुटायला बसली, तेलाचा हात केला, आणि तिच्या लक्षात आलं की कुणी बोलत नाही. बाबा त्या दिवशी कारखान्यात गेले नव्हते, दारात उभे होते. माझी दुसरी पाळी होती, मी डबा भरत होतो.

शेवंताकाकू म्हणाली, “हिरा, कोंबडी गेली तर गेली. मुकं जनावर गो ते.”

“मी काय केलं?”

“तूच म्हणाली होतीस औषध घालते म्हणून.”

मावशीनं सगळ्यांकडे पाहिलं. मग आईकडे. “सुमन, तोंडाला येतं ते बोलते मी. तुला ठाऊक नाय व्हय? मी कशाला घालू? ह्याच्या त्या हिरव्या चोथ्यानं मेला तो. कडू जहर होता तो चोथा, मी जिभेला लावला. माझ्या मागच्या दारातनं दिसतं परसात, मी बघितलं त्याला केळीखाली तोंड घालताना.”

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. बाबाही वळले. आई म्हणाली, “काय रे? काय होतं तुझ्या चोथ्यात?”

मी म्हणालो, “जव. दर वेळी हिच्याच कोंबड्या खातात तो. त्या मेल्या का?”

हेच ते वाक्य. त्यात एकही शब्द तसा खोटा नव्हता. जवाचा चोथा तिच्या कोंबड्या खातच होत्या, आत्ता या क्षणी दारासमोर खात होत्या. मी तिच्याच कोंबड्यांना तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं. दोन चोथे वेगळे होते हे मावशी सांगू शकली असती, पण तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं असणार की हा सांगणार नाही. आई म्हणाली, “हिरा, उद्यापासून येऊ नको. खाण्याचा धंदा आहे गो माझा. लोक काय म्हणतील?”

मावशी उठली. मोरीत जाऊन तिनं हात धुतले, तेल निघेपर्यंत, साबण लावून. आपलं लाटणं उचललं, पदरात गुंडाळलं आणि गेली. कुटायचं पीठ अर्धंच राहिलं होतं. ते शेवंताकाकूनं पुरं केलं, धपधप.

पेण मोठं नाही. जिच्या हातानं कुत्र्याला विष गेलं म्हणतात तिच्या हातचं पीठ दुसऱ्या कुठल्या पापडवालीनं घेतलं नाही. मिरगुंडवालीनं नाही, लोणच्याच्या घरानंही तिला कामाला घेतलं नाही. पुढच्या पावसाआधी तिनं कोंबड्या विकल्या आणि नवऱ्याला घेऊन रोह्याला भावाकडे गेली. ती टेम्पोत सामान चढवत होती तेव्हा मी कामावर होतो. मुद्दाम होतो, कुणाची तरी पाळी मागून घेतली होती.

आणि ती बिअर. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं: ती बिअर उत्तम झाली. मी ओतून टाकायला हवी होती, टाकली नाही. बाटल्या भरल्या आणि गडबजवळ एका मित्राच्या शेतावर पोपटीला नेल्या. वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. त्या पाल्याचा उग्र वास आणि हॉप्सचा वास यांचं असं जुळलं की मित्रांनी पेले पुन्हा पुढे केले. तिन्ही जाती एकमेकांत इतक्या मिसळल्या होत्या की कुठली संपते नि कुठली सुरू होते ते कळत नव्हतं. मीही प्यालो. मला आवडली. त्यानंतर मात्र मी कधी केली नाही. उरलेली पाकिटं धाटावच्या कचऱ्यात टाकली आणि आईला सांगितलं, साहेबांनी प्रयोग बंद केला. तिनं काही विचारलं नाही.

बाबांनी पुन्हा कुत्रा पाळला नाही. पाहुणे आले, कुत्र्यांचा विषय निघाला की ते भुऱ्याची गोष्ट सांगत, आणि शेवटी मावशीचं नाव घेत. न रागावता, पाऊस कधी पडला ते सांगावं तसं. मी तिथंच बसलेलो असायचो. बाबा गेले तेव्हाही ती गोष्ट त्यांच्यापाशी तशीच होती. तेवढी दुरुस्त करणं आता माझ्या हातात नाही.

मावशी मला रोज दिसत होती. रोह्यात आमची बस नाक्यावर थांबते, तिथं काही वर्षांनी ती टोपली घेऊन बसू लागली. मोसमात वाल, शेंगा, एरवी भाजी. मी बसमधली डावीकडची खिडकी सोडून उजवीकडे बसू लागलो. मी कायम झालो, माझं लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली, मावशीचे केस पांढरे झाले, आणि मी उजवीकडेच बसत राहिलो.

गेल्या थंडीत आमच्या खात्यातल्या पोरांनी पोपटी केली. निखिल म्हणून एक मुलगा आहे, तो घरी बिअर करतो आणि ते लपवत नाही. हॉप्स ऑनलाइन मागवतो. त्यानं माझ्या हातात पेला दिला. “काळी आहे, पण हॉप्स दाबून घातलेत, सर. तीन प्रकारचे. बघा वेगळे कळतात का.” मी पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून बसलो. शेताचा मालक बाजूला बसला होता, त्यानं विचारलं, “मग खाली उरतं त्याचं काय करतोस? गुरांना घालतोस?” निखिल शेंग सोलत म्हणाला, “जवाचा चोथा घालतो. हॉप्सचा नाही. तो पिशवीत बांधून टाकायचा, कुत्र्यानं खाल्ला तर मरतो कुत्रा.” “असं काय,” मालक म्हणाला, आणि त्यानं मीठ मागितलं.

एवढंच होतं ते. एका श्वासात सांगून झालं, आणि पाठोपाठ मीठ. मी पेला गवतात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर बसमधून उतरलो. मावशीनं वर न बघता विचारलं, “वाल देऊ?”

“मावशी, मी पेणचा. सुमनचा मुलगा.”

“ठाऊक हाय. तुझी बस हितंच थांबते. खिडकी बदललीस म्हणून काय माणूस दिसत नाय व्हय?”

मी उकिडवा बसलो आणि तिला सगळं सांगितलं. सुधीरदादानं फोनवर बजावलेलं, फावडं, बादली. ती वाल निवडत ऐकत होती, किडका दाणा बाजूला टाकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, “मग?”

“मी माफी मागायला आलोय.”

“माझ्या कानात? मी नाय घातलं हे मला सांगायला आलास? ते मला ठाऊक नव्हतं व्हय?” तिनं हात झटकले. “हितं आल्यावर मी भांडी घासली रे. खायला कोण शिवू देईना, पेणची गोष्ट माझ्या आधी पोचली. भांड्यांना कोण विचारत नाय हात कसला हाय ते.” एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं शेंगा दिल्या. “जिथं बोललास तिथं बोल,” ती म्हणाली. “मला ऐकू येईल असं.”

रविवारी मी तिला गाडीत घालून पेणला आणलं. नागोठण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. पुलावर तिनं विचारलं, “तुझा बाबा गेला म्हणतात. त्याला सांगितलं होतंस?” मी नाही म्हणालो. तिनं काच वर केली.

आई आता थकली आहे, पण पाट मांडल्याशिवाय तिला दुपार जात नाही. शेवंताकाकू होती, दोघी-तिघींच्या सुना होत्या. मावशीला पाहून आईचं लाटणं थांबलं. “हिरा?” ती म्हणाली. “ये, आत ये गो.” मावशी आत आली नाही. ओट्यावर उभी राहिली, उंबऱ्याबाहेर, एक हात खांबाला. तेव्हा मला मोठ्यानं बोलावं लागलं, आतल्यांना आणि बाहेर तिला ऐकू जाईल असं. समोरच्या कारखान्यातले दोघे-तिघेही दारात आले.

मी सुरुवात केली. ते सत्त्व नव्हतं, दारू होती, म्हणालो. आईनं मान खाली घातली. भुऱ्या कशानं मेला ते म्हणालो. शेवंताकाकूनं तोंडावर पदर धरला. सुधीरदादानं मला आधीच बजावलं होतं, तरी मी तो चोथा उघडा टाकला, आणि तो तळमळत असताना आधी माती ओढली, म्हणालो. तेव्हा आई म्हणाली, “पुरे आता. झालं ते झालं.”

“बोलू दे गो त्याला,” मावशी बाहेरून म्हणाली. “अजून तो तिथं नाय पोचला.”

मग मी त्या वाक्यापाशी आलो. मी त्या दिवशी जिथं डबा घेऊन उभा होतो तिथंच उभा होतो.

“मावशी, तू खरं सांगत होतीस. चोथे दोन होते. तुझ्या कोंबड्या खायच्या तो वेगळा आणि भुऱ्यानं खाल्ला तो वेगळा. मला माहीत होतं, तरी मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तुझ्या हातांना काही लागलेलं नव्हतं. तुझं काम गेलं, घर गेलं, ते माझ्यामुळे. माझं चुकलं, मावशी. मी तुझी माफी मागतो.”